जागा गाडीची की माणसाची? दिव्यांगांसाठी पार्किंगचे नियम

मंडळाच्या कार्यक्रमांची आमंत्रणे आम्ही दरवर्षी घरोघरी जाऊन देतो. अलीकडे काही घरांतून एकच उत्तर येते, "यायचं आहे हो, पण गाडी कुठं लावायची?" या घरांत कुणाचे वडील अर्धांगवायूने अधू झालेले असतात, कुणाची बहीण लहानपणी पोलिओ झालेली असते, कुणाच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. त्यांना गाडीने आणणारे माणूस घरात असते, पण सभागृहाच्या दाराशी गाडी थांबवायला जागा नसते.

मागे एका कार्यक्रमाला आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना त्यांचा मुलगा घेऊन आला. दाराजवळची सगळी जागा पाहुण्यांच्या गाड्यांनी भरली होती. ती आम्हीच दोऱ्या बांधून पाहुण्यांसाठी राखली होती. मुलाने दोन फेऱ्या मारल्या आणि वडिलांना घेऊन तो परत गेला. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळले. चूक आमचीच होती. त्यानंतर या विषयाचे नियम नीट वाचायचे आम्ही ठरवले. जे समजले ते सभासदांसाठी येथे एकत्र दिले आहे.

कायदा काय सांगतो

सध्याचा मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. त्यांत चालण्याच्या व दृष्टीच्या अडचणींसोबत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही येतात. म्हणजे वरून धडधाकट दिसणारा माणूसही या कायद्याने दिव्यांग असू शकतो.

पार्किंगच्या दृष्टीने पुढील कलमे लक्षात ठेवावीत.

कलम ४१ : बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ येथील पार्किंग, स्वच्छतागृहे व तिकीट खिडक्या दिव्यांगांना वापरता येतील अशा मानकांप्रमाणे असाव्यात.

कलम ४४ : ही मानके पाळली नसतील तर नव्या इमारतीच्या नकाशाला मंजुरी देऊ नये आणि वापराचा दाखलाही देऊ नये.

कलम ४५ : जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधारून घ्याव्यात. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. म्हणजे ही मुदत २०२२ च्या जूनमध्येच संपली.

कलम ८९ : कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा मोडल्यास किमान ५०,००० आणि जास्तीत जास्त ५ लाख रुपये.

'सार्वजनिक इमारत' म्हणजे फक्त सरकारी कचेरी असे पुष्कळांना वाटते. कायद्याच्या व्याख्येत लोकांच्या वापरातली खाजगी इमारतही येते, आणि धार्मिक व सांस्कृतिक कामासाठी वापरली जाणारी इमारतही येते. त्यामुळे देऊळ, मंगल कार्यालय आणि आपण कार्यक्रमाला घेतो ते सभागृह यांतले काहीच कायद्याबाहेर राहत नाही.

या मानकांवरून सर्वोच्च न्यायालयात मोठा खटला झाला. दृष्टिहीन कार्यकर्ते राजीव रतुरी यांची याचिका २००५ ची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्यात निकाल दिला. २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) ने मानके केवळ मार्गदर्शक करून ठेवली होती. मूळ कायदा मात्र ती सक्तीची मानतो. म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवण्यात आला आणि सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्र सरकारला सांगण्यात आले. 'जमले तर करू' या भाषेला त्या दिवशी न्यायालयाने नकार दिला, असे आम्ही समजतो.

जागा किती आणि कुठे

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत मोजमाप स्पष्ट आहे. प्रवेशद्वाराजवळ दिव्यांगांसाठी दोन मोटारींची जागा असावी. तेथून दारापर्यंतचे अंतर ३० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १०० फुटांपेक्षा, जास्त नसावे. प्रत्येक जागेची रुंदी किमान ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ १२ फूट, असावी.

साधी मोटार अडीच मीटरमध्ये मावते. वरचा मीटरभर चाकाच्या खुर्चीसाठी आहे. गाडीचे दार पूर्ण उघडायचे, खुर्ची शेजारी लावायची आणि माणसाने सीटवरून खुर्चीत सरकायचे, हे अरुंद जागेत होत नाही. दाराशी पण दोन गाड्यांच्या फटीत मिळालेली जागा म्हणूनच उपयोगाची नाही. तशीच जागा रुंद असूनही पुढे पायऱ्या, गटार किंवा खडी असेल तर ती कागदावरच राहते. जागा, तेथून दारापर्यंतची वाट आणि दाराशी उतार, हे तिन्ही मिळून एक सोय होते.

चालक, प्रवासी आणि गाडी

न्यायाचा खरा प्रश्न येथे येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये पूर्वी 'इन्व्हॅलिड कॅरेज' असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्याऐवजी 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणजे दिव्यांगासाठी बनवलेले किंवा बदल करून घेतलेले वाहन असा शब्द आला. वाहतुकीचा कायदा असा वाहनाकडे पाहतो. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल नियमांतही माफी आहे ती दिव्यांगासाठी खास बनवलेल्या वाहनाला.

२०१६ चा कायदा मात्र व्यक्तीकडे पाहतो. त्यात हक्क 'दिव्यांग व्यक्तीचा' आहे. ती व्यक्ती स्टिअरिंगवर बसली आहे की मागच्या सीटवर, याने काही फरक पडत नाही.

व्यवहारात अजून वाहनाकडेच पाहिले जाते. हाताने चालवायच्या मोटारीला किंवा साईड व्हील लावलेल्या स्कूटरला पहारेकरी ओळखतो आणि आत सोडतो. साध्या मोटारीत मागे बसलेल्या, पाय उचलता न येणाऱ्या आजीला तो ओळखत नाही, कारण गाडीवर काही खूण नसते. वास्तविक जो स्वतः गाडी चालवू शकत नाही, त्याची अडचण चालवणाऱ्याहून बहुधा जास्तच असते. शिवाय दुसरी गैरसोय आहे. आजीला दाराशी उतरवून गाडी लांब लावायला जावे, तर तेवढा वेळ तिला एकटी कुठे बसवायचे? विसर पडण्याचा आजार असलेल्या किंवा तोल जाणाऱ्या माणसाला असे सोडून जाता येत नाही.

ज्यांची मुले इंग्लंडमध्ये आहेत त्यांनी तेथील 'ब्लू बॅज' पाहिला असेल. १९७० च्या कायद्यातून तेथे अशा बॅजची पद्धत सुरू झाली. बॅज व्यक्तीच्या नावाने मिळतो, गाडीच्या नव्हे. ती व्यक्ती स्वतः गाडी चालवो किंवा कुणाच्याही गाडीत बसून जावो, बॅज तिच्याबरोबर जातो. ती सोबत नसताना घरच्यांनी आपल्या सोयीसाठी तो वापरला तर गुन्हा होतो. ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये वरून न दिसणाऱ्या आजारांनाही बॅज मिळू लागला. आम्हाला ही व्यवस्था न्याय्य वाटते, कारण तिच्यात प्रवासी सुटत नाही आणि गैरवापरालाही आळा बसतो.

आपल्या आळंदमध्ये

नियमांतली मापे मोटारीची आहेत. आळंदमध्ये स्वतः वाहन चालवणारा दिव्यांग मोटारीतून क्वचितच येतो. तो साईड व्हीलच्या स्कूटरवर येतो. कर्नाटक सरकारच्या विकलचेतन व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याकडूनही पात्र लाभार्थींना अशा स्कूटर मिळतात. (मराठीत आपण 'दिव्यांग' म्हणतो, येथल्या कन्नड फलकांवर 'विकलचेतन' लिहिलेले असते. अर्थ एकच.)

ही स्कूटर दुचाकींच्या रांगेत मावत नाही, कारण मागची चाके बाहेर आलेली असतात. मोटारीच्या जागेत लावली तर मोटारवाले बाजूला घ्यायला सांगतात. रांगेत कशीबशी लावली, तर मागून कुणीतरी आपली गाडी चिकटवून जातो आणि कुबड्या घेऊन उतरायला जागा उरत नाही. बसस्थानक, तालुका रुग्णालय, तहसील कचेरी आणि बँका येथे मोटारीच्या दोन जागांइतकीच या स्कूटरसाठी वेगळ्या रुंद पट्ट्याची गरज आहे.

आमच्यातील काहींची नोकरी बँकेत गेली. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागे. ऑटोतून आलेल्या वृद्धांना दारासमोरच्या मोटरसायकलींच्या भिंतीतून वाट काढावी लागे. आम्ही आत खुर्च्या मांडत असू, बाहेरची वाट मोकळी करण्याचे मात्र आम्हाला सुचले नाही. आज त्याचे वाईट वाटते. ऑटोतून किंवा दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून येणाऱ्याला पार्किंग नको असते, दाराशी दोन मिनिटे थांबून उतरायची जागा हवी असते. तीही या प्रश्नातच मोजली पाहिजे.

नेहमीचे आक्षेप

'राखीव जागा रिकामी पडून राहते आणि बाकीचे फिरत बसतात.' असे होते हे खरे आहे. पण ती रिकामी असते म्हणूनच येणाऱ्याला मिळते. भरलेल्या जागेवर 'राखीव' लिहून काही उपयोग नाही. आपल्याला पन्नास पावले जास्त चालावे लागते. त्यांच्यासाठी तेवढ्याच पावलांवर येणे किंवा न येणे ठरते.

'खोटे दाखले दाखवतील.' त्यासाठी कलम ९१ आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एका लबाडापायी दहा गरजूंना परत पाठवणे हा हिशेब आम्हाला पटत नाही.

'मग शुल्कही माफ करायचे का?' येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शुल्कमाफी ही सवलत आहे, तिच्यावर दोन मते असू शकतात. दाराजवळची रुंद जागा मात्र आत येण्याची वाट आहे. पैसे घेऊन का होईना, ती मिळालीच पाहिजे.

'पाय मोडलेल्या माणसाचे काय?' प्लास्टर असलेल्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, पण दोन महिने त्याची अडचण तीच असते. कायद्यात त्याची सोय नसली तरी आपल्या कार्यक्रमात आपण ती करू शकतो.

प्रमाणपत्र आणि तक्रार

आपली कुटुंबे दोन राज्यांत वावरतात. दवाखान्याला सोलापूर, दर्शनाला अक्कलकोट, तुळजापूर आणि गाणगापूर, कामाला कलबुर्गी. म्हणून हे माहीत असावे की कलम ५८ प्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्र देशभर चालते. कर्नाटकात काढलेले प्रमाणपत्र 'आमच्या राज्याचे नाही' म्हणून महाराष्ट्रात नाकारता येत नाही. यूडीआयडी कार्डावर रंगीत पट्टी असते : ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ७९ टक्के पिवळी, ८० व त्यापुढे निळी. प्रवासात मूळ कार्ड जवळ ठेवावे.

कार्ड काढण्यासाठी ग्रामपंचायतीच्या ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला (व्हीआरडब्ल्यू) किंवा तालुका पातळीवरील एमआरडब्ल्यूला भेटावे. इमारतीत सोय नसेल तर प्रथम त्या संस्थेला लेखी कळवून पोच घ्यावी. त्यानंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. २०२१ मध्ये आलेल्या 'सुगम्य भारत' ॲपवर फोटोसह तक्रार टाकता येते.

आपल्यापासून सुरुवात

दुसऱ्यांना नियम सांगण्याआधी ते आपण पाळावेत म्हणून मंडळाच्या पुढील कार्यक्रमांसाठी आम्ही असे सुचवतो :

१. दारापासून १०० फुटांच्या आत १२ फूट रुंदीच्या दोन जागा चुन्याने आखाव्यात. शेजारी साईड व्हीलच्या स्कूटरसाठी एक पट्टा असावा.

२. फलकावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असावे. कन्नड, मराठी, उर्दू कोणतीही भाषा येणाऱ्याला ते कळते.

३. आमंत्रण देतानाच विचारावे, 'घरात कुणाला दाराशी उतरावे लागते का?' ज्यांना लागते त्यांना मंडळाने त्या दिवसापुरती चिठ्ठी द्यावी. ती व्यक्तीसाठी असेल, कोणत्याही गाडीत चालेल.

४. दाराशी ऑटो थांबण्याची जागा मोकळी ठेवावी आणि एक कार्यकर्ता तेथे खुर्ची घेऊन उभा असावा.

५. पाहुण्यांच्या गाड्या या जागांवर लावू नयेत, पाहुणे कितीही मोठे असले तरी.

यासाठी लागेल चुन्याची एक पिशवी, दोन फलक आणि एक माणूस. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले आपल्या घरांत किती, ते आमंत्रण देताना विचारले की कळेल. परत गेलेल्या त्या सभासदांच्या घरी आम्ही पुढच्या आमंत्रणाला सर्वांत आधी जाणार आहोत. गाडी कुठे लावायची ते यावेळी आम्हीच सांगू.