दुकानातील कळसूत्री बाहुली : टिकाऊपणाचे तंत्र

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा कलावंत आपल्या बाहुल्यांची दुरुस्तीही स्वतःच करतो. खेळापूर्वी तो दोरे तपासतो, सैल झालेला सांधा घट्ट करतो, उडालेला रंग पुन्हा लावतो. दुकानातून विकल्या जाणाऱ्या बाहुलीच्या नशिबी असा सांभाळ नसतो. ती खोक्यातून निघून थेट लहान मुलाच्या हाती पडते आणि दोरा तुटला वा गुंतला की माळ्यावर जाते. त्यामुळे विक्रीसाठी बाहुली घडविताना देखणेपणाइतकाच टिकाऊपणाचा विचार करावा लागतो. इंग्लंडमधील 'पेलम पपेट्स' हे त्याचे एक अभ्यसनीय उदाहरण आहे.

मार्लबरोचा कारखाना

बॉब पेलम यांनी १९४७ मध्ये विल्टशायरमधील मार्लबरो या गावी हा व्यवसाय सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो टंचाईचा काळ होता. बाहुल्यांचे बरेचसे भाग लेथवर कातलेल्या साध्या लाकडी आकारांचे असत. एकाच मापाच्या अवयवांना निराळा रंग व पोशाख दिला की निराळे पात्र तयार होई. जादूगारीण, विदूषक, सांगाडा अशा पात्रांबरोबर पुढे डिस्नेचे मिकी माऊस व पिनोकिओही आले. भाग एकसारखे असल्याने किंमत आटोक्यात राहिली आणि मुलांना परवडणारी बाहुली सर्वसाधारण दुकानांत पोहोचली.

सांधा, वजन आणि दोरा

अशा बाहुलीचे आयुष्य तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट सांधा. एकमेकांत अडकविलेल्या धातूच्या कड्यांचा सांधा मोकळा हलतो आणि ओढ सहन करतो. केवळ कापडाचा वा गोंदाने चिकटविलेला सांधा लवकर उसवतो. दुसरी गोष्ट वजन. दोरा अवयव वर उचलू शकतो, खाली मात्र तो स्वतःच्या वजनानेच येतो. हात-पाय फार हलके असतील तर बाहुली चालत नाही, नुसती तरंगते. पेलम यांच्या सुरुवातीच्या काही बाहुल्यांचे हात शिशाचे होते. शिसे विषारी असल्याने आज खेळण्यात असा वापर स्वीकारार्ह नाही.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे दोरा. तो जेथे छिद्राच्या कडेला घासतो, तेथेच तुटतो. म्हणून छिद्राची कड गुळगुळीत असावी लागते. दोरा ताणला जाणारा असेल तर दोन्ही गुडघ्यांची उंची बदलते व चाल बिघडते. गुळगुळीत नायलॉनची गाठ सुटू शकते, त्यामुळे विणलेला दोरा अधिक भरवशाचा ठरतो. पुष्कळदा मात्र बाहुली मोडत नाही, गुंता होऊन निकामी होते. त्यामुळे खेळ संपल्यावर दोरे लाकडी दांडीभोवती गुंडाळून ठेवण्याची सवय मुलांना लावावी लागते. पेलमच्या खोक्यात बाहुलीसोबत छापील सूचनाही असत.

भारतातील नियम

बॉब पेलम यांचे १९८० मध्ये निधन झाले आणि १९९३ मध्ये मूळ कंपनीचे उत्पादन थांबले. आज भारतात अशी बाहुली विक्रीस आणणाऱ्यास टिकाऊपणाबरोबर कायद्याचाही विचार करावा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आदेशानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक आहे. 'आयएस ९८७३' या मानकात तीक्ष्ण कडा, सुटे होणारे लहान भाग, तसेच रंगातील शिसे, कॅडमियम यांसारखी द्रव्ये तपासली जातात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना या आदेशातून सूट आहे. मात्र सूट असली तरी लांब दोरे व लहान भाग तान्ह्या मुलांच्या हाती देणे धोक्याचेच असते.

पेलमच्या कित्येक जुन्या बाहुल्या आजही संग्राहकांकडे आहेत. झिजलेला दोरा बदलला की त्यांतील अनेक पुन्हा चालू लागतात, कारण दोरा बदलण्यासाठी बाहुली फोडावी लागत नाही. जो भाग झिजणार हे निश्चित, तो घरच्या घरी बदलता यावा, एवढी दूरदृष्टी घडणीच्या वेळीच ठेवली तर दुकानातील बाहुलीही पुढच्या पिढीच्या हाती जाऊ शकते.