जहांगीर बादशहाची चौकस नजर

वाचकहो, आम्हा शिक्षकांना एक वाईट खोड असते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नाही, तो प्रश्नच वेडगळ आहे असे ठरवून आम्ही मोकळे होतो. या लेखाची सुरुवात अशाच एका चुकीच्या कबुलीने करावयाची आहे.

सातवीच्या वर्गात मी मुघल काळ शिकवीत होतो. आधीचा तास शास्त्राचा झाला होता व त्यात पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांची माहिती सांगितली गेली होती. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, डोडो पक्षी आपल्या हिंदुस्थानात कधी आला होता काय?" सारा वर्ग हसला आणि, सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. "कोठे मॉरिशस आणि कोठे आपण! बस खाली. आता आपण जहांगीर बादशहाकडे वळू." ती मुलगी खाली बसली. त्यानंतर कित्येक दिवस तिने प्रश्न विचारला नाही.

काही महिन्यांनी एका ग्रंथालयात पक्ष्यांविषयीचे पुस्तक चाळीत असता एका चित्रापाशी माझा हात थांबला. हंस, तित्तिर अशी आपल्याकडची पाखरे कडेला, आणि मधोमध तपकिरी पिसांचा, वाकड्या जाड चोचीचा डोडो! हे चित्र आज रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहराच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यावर सही नाही. पण ते सुमारे १६२५ सालचे, जहांगीरच्या दरबारातील थोर चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या हातचे असावे, असे जाणकार मानतात. डोडोच्या ज्या थोड्या चित्रांवर शास्त्रज्ञ भरवसा ठेवतात, त्यांत याची गणना होते. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. मॉरिशसहून आणलेले दोन डोडो आपण सुरतेस पाहिले, असे त्यानेही लिहून ठेवले आहे.

म्हणजे डोडो आपल्या देशात आला होता. ज्या बादशहाचा धडा मी मोठ्या ऐटीत पुढे रेटला, त्याच्याच काळातील चित्रात तो उभा होता! प्रश्न त्या मुलीचा खरा होता. अज्ञान माझे होते.

जहांगीरने १६०५ ते १६२७ पर्यंत राज्य केले. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्यास फार थोड्या ओळी येतात. न्यायाची साखळी, नूरजहान, मद्याचे व्यसन आणि शहाजहानचे बंड, एवढ्यावर काम भागते. परंतु या बादशहाने फारसी भाषेत आपली रोजनिशीवजा आत्मकथा लिहिली, ती 'तुझुक-ए-जहांगीरी' म्हणून प्रसिद्ध आहे. मोहिमा आणि मनसबी यांच्या नोंदींबरोबरच तीत फुले, फळे, पक्षी, जनावरे व आकाशातील चमत्कार यांच्या नोंदी पानोपानी भेटतात. त्याचे पणजोबा बाबर यांनीही अनेक प्राण्यांची वर्णने लिहिली होती. पण त्यांची चित्रे त्यांनी काढविली नाहीत, असे जहांगीर सांगतो. आपण मात्र वर्णनही लिहितो आणि चित्रही काढवितो, कारण नुसते ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून अधिक वाढते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

याचे पहिले उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याशी निगडित आहे. १६१२ साली बादशहाच्या हुकुमाने त्याचा विश्वासू सरदार मुकर्रब खान गोवा बंदरात गेला. तेथे पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे ज्या दुर्मिळ चिजा मिळतील त्या, पैशाकडे न पाहता, खरेदी करून आणावयाच्या होत्या. त्याने आणलेल्या नवलांत एक पक्षी होता. तो मोरापेक्षा लहान, लांडोरीपेक्षा मोठा. त्याचे डोके व मान घटकेत पोवळ्यासारखी लाल होई, घटकेत कापसासारखी पांढरी, तर कधी फिरोजी. चोचीवरील मांसाचा लोंबता भाग हत्तीच्या सोंडेसारखा खाली येई, आणि पक्ष्याने तो आखडून घेतला की गेंड्याच्या शिंगासारखा उभा दिसे. हे सारे बादशहाने स्वतः लिहिले आहे. वाचकांनी ओळखले असेल, हा पक्षी म्हणजे टर्की. मूळचा अमेरिकेचा हा पक्षी गोव्यामार्गे आग्र्यास पोहोचला. मन्सूरने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

दुसरी हकीकत १६२१ सालची. मीर जाफर नावाच्या गृहस्थाने बादशहास एक अजब जनावर नजर केले. हबशी मुलुखातून तुर्क लोकांनी ते आणले होते. अंग गाढवासारखे, पण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळे-पांढरे पट्टे! दरबारात कुजबूज झाली की हे पट्टे कोणीतरी रंगविलेले असावेत. बादशहाने बारकाईने चौकशी करविली, आणि मगच पट्टे जन्मजात आहेत असे लिहिले. या झेब्र्याचे मन्सूरने काढलेले चित्रही लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे. त्यावर खुद्द जहांगीरच्या हस्ताक्षरात नोंद आहे. पुढे हे जनावर इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून रवाना झाले.

येथे क्षणभर थांबावे. बादशहा 'किती अजब!' म्हणून थांबला नाही, आणि 'सारी लबाडी!' म्हणूनही त्याने ते जनावर परत पाठविले नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, तिचे नाव चौकशी. इल्मचा उगम तेथेच होतो.

त्याच १६२१ सालच्या एप्रिल महिन्यात जालंदर परगण्यातील एका गावी पहाटे पूर्वेकडून भयंकर आवाज झाला. आकाशातून प्रकाशाचा लोळ जमिनीवर पडला. लोक भीतीने गर्भगळीत झाले. तेथील आमील महंमद सईद घोड्यावर बसून जागेवर गेला. दहा-बारा हात जमीन अशी करपली होती की गवताची काडीही शिल्लक नव्हती. त्याने तेथे खणावयास लावले. जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढे. अखेरीस भट्टीतून काढल्याप्रमाणे तापलेला लोखंडाचा गोळा हाती लागला. तो मोहरबंद करून दरबारी पाठविण्यात आला. बादशहाने तो आपल्यासमोर तोलविला. वजन भरले १६० तोळे, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दोन किलो. उस्ताद दाऊद या कारागिरास त्यापासून हत्यारे घडविण्याचा हुकूम झाला. पण ते लोखंड घणाखाली टिकेना, तुकडे होऊ लागले. तेव्हा तीन भाग ते लोखंड व एक भाग साधे लोखंड असे मिश्रण करून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी घडविण्यात आली. या आकाशीच्या लोखंडाची जहांगीरकालीन सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे. आकाशातून खरोखर दगड पडतात ही गोष्ट युरोपातील विद्वानांच्या गळी उतरली ती १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल गावी झालेल्या उल्कावर्षावाची तपासणी झाल्यावर. आपल्याकडे मात्र दिनांक, जागा, दिशा, वजन व मिश्रणाचे प्रमाण यांसह ती नोंद जवळजवळ दोन शतके आधी झाली होती.

सारस पक्ष्यांची हकीकत तर फारच हृद्य आहे. बादशहाने सारसांची एक जोडी पाळली होती व त्यांची नावे लैला आणि मजनू अशी ठेवली होती. मादीने अंडी घातल्यावर त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली. रात्रभर मादी अंड्यांवर बसे आणि नर शेजारी उभा राहून पहारा करी. पहाट होताच नर येऊन चोचीने मादीची पाठ हळूच खाजवी. मग ती उठे आणि तो तिच्या जागी बसे. राज्यकारभाराच्या धबडग्यात असलेल्या बादशहाने पाखरांच्या संसाराची अशी टिपणे ठेवावीत, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र, वाचकहो, कौतुकाच्या भरात दुसरी बाजू झाकणे हा इतिहास नव्हे. हाच बादशहा शिकारीचा हिशेबही त्याच काटेकोरपणे देतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारली! त्याच्या काही नोंदी चुकीच्याही आहेत. हत्तीण दीड वर्ष किंवा एकोणीस महिने गाभण राहते असे तो लिहितो. प्रत्यक्षात हा काळ सुमारे बावीस महिन्यांचा असतो. पण चूक लिहून ठेवली म्हणूनच ती पुढच्यांना तपासता आली. तोंडी गप्पांची चूक दुरुस्त होत नाही. ती वाऱ्यावर उडून जाते.

आणि ज्या जिवांची ही चित्रे आहेत त्यांचे पुढे काय झाले? डच लोक १५९८ साली मॉरिशसच्या किनाऱ्यास लागले. जिवंत डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ सालची आहे; अवघ्या चौसष्ट वर्षांत खेळ आटोपला. कॅमेऱ्याचा शोध पॅरिस येथे जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे डोडोचा फोटो जगात असणे शक्यच नव्हते. त्याचा कॅमेरा म्हणजे मन्सूरसारख्यांचा कुंचला. मन्सूरने काढलेले सायबेरियन क्रौंचाचे चित्र कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपीय शास्त्रात या पक्ष्याचे वर्णन व नामकरण १७७३ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी झाले. हा पाहुणा दर हिवाळ्यात भरतपूरला येत असे. २००२ नंतर तो तेथे आलेला नाही. जहांगीरच्या पदरी चित्ते होते, त्यांतील एका मादीला कैदेत तीन पिल्ले झाल्याची नोंद त्याने केली. त्याच देशातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर करावे लागले, आणि २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते आणावे लागले. पाहणे आणि जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडाही याच बादशहाच्या चरित्रातून मिळतो.

जहांगीरच्या या निरीक्षणांचे मोल ओळखणाऱ्यांत आपल्या मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ मरहूम डॉ. सालिम अली यांचे नाव घ्यावे लागेल. मुघल बादशहांच्या निसर्गप्रेमावर त्यांनी १९२७-२८ च्या सुमारास लेखमाला लिहिली. ते दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हे पाखरू खाणे हलाल आहे की नाही, असा पेच पडून ते आपल्या मामांकडे गेले. मामांनाही ती कोणती चिमणी हे सांगता येईना. पण त्यांनी पोराला उडवून लावले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठविले. साहेबांनी पाखराचे नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलास दाखविले. तेथून पुढे जे घडले ते जगाला ठाऊक आहे.

हा प्रसंग वाचताना मला माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली. मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहिली, मी हसलो.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन मी वर्गात गेलो. डोडोचे चित्र साऱ्या बाकांवरून फिरविले आणि सर्वांसमक्ष सांगितले की, प्रश्न बरोबर होता आणि सर चुकले होते. वर्ग या वेळी हसला नाही. ती मुलगी चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली व नंतर तिने विचारले, "सर, मग त्याला येथे काय खायला घालीत असतील?" मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. आपण दोघे शोधू."

पालकहो, शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांपाशी बादशाही खजिना नाही, गोव्यास पाठवावयास मुकर्रब खान नाही आणि चित्र काढावयास मन्सूरही नाही. परंतु साध्या वहीत दिसलेले लिहून ठेवणे, शंका आली तर तपासणे व चुकले तर खोडणे, हे कोणत्याही मुलास जमेल. घरात किंवा वर्गात एखादा वेडगळ वाटणारा प्रश्न आला तर हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. कोण जाणे, त्याचे उत्तर कोठल्याशा संग्रहालयात चारशे वर्षे आपली वाट पाहत उभे असेल.