लहान विमाने आणि त्यांना सांभाळणारे हात

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी काही ऐतिहासिक लिहावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी विषय सांगितला, तेव्हा पुष्कळ भगिनींना हसू आले. शिवणवर्ग चालविणाऱ्या बाईने विमानांवर लिहावे हे काहीसे विचित्र दिसते खरे. परंतु खारघरच्या टेकड्यांवरून दक्षिणेकडे पाहिले, तर आता विमानतळच दिसतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. विमान हा आता आपल्या शेजारातील विषय झाला आहे.

तथापि मला त्या मोठ्या विमानांविषयी लिहावयाचे नाही. ती कंपन्यांची असतात. आपण तिकीट काढतो, बसतो, उतरतो. मला लिहावयाचे आहे ते एकट्यादुकट्याने किंवा चार जणांनी मिळून बाळगलेल्या लहान विमानाविषयी. त्याचा इतिहास आपल्या मुंबईतच जुहूला सुरू झाला, आणि तो वाचताना मला वारंवार आपल्या मंडळाची व आपल्या घरकामाची आठवण झाली. ती का, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

१९२८ साली जुहूच्या मोकळ्या जागेवर बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. जागा समुद्रकाठची, सखल. पावसाळ्यात तेथे चिखल होई, म्हणून पुढे टाटांची टपाल विमाने त्या चार महिन्यांत पुण्याला हलवावी लागत. त्या काळचे लहान विमान म्हणजे इंग्लंडच्या डी हॅविलंड कारखान्याचे ‘मॉथ’. १९२५ साली ते पहिल्यांदा उडाले. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसविलेले कापड, पुढे एक इंजिन, आणि एकामागे एक दोन बैठका. त्याचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते एखाद्या मोठ्या गाडीखान्यातही मावे. १९२८ च्या सुमारास त्याची इंग्लंडमधील किंमत ६५० पौंड होती. त्या वेळच्या दराने हे साडेआठ हजार रुपयांहून अधिक होतात. ज्या काळी शिक्षकाचा पगार महिना तीस-चाळीस रुपयांच्या आत-बाहेर असे, त्या काळी ही रक्कम फक्त संस्थानिकांना आणि मोठ्या व्यापाऱ्यांनाच परवडणारी होती.

मग इतर लोक उडावयास कसे शिकले? तर क्लबामुळे. विमान क्लबाचे, सभासदाने वर्गणी भरावयाची आणि जितका वेळ उडेल तितक्या वेळाचे पैसे द्यावयाचे. आपल्या मंडळाने पहिले शिवणयंत्र घेतले ते याच रीतीने. एकीला जमत नाही ते दहा जणींना जमते, हा काही नवा शोध नव्हे. याच क्लबात जे. आर. डी. टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

टाटांची पुढील वर्षाची एक हकीकत मला फार आवडते. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. स्पर्धेत तिघे होते. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर नावाचा तरुण इंग्लंडहून इकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान खोळंबले होते, कारण त्याच्याजवळ इंजिनाचे जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. बक्षीस अस्पीने जिंकले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. या गोष्टीत टाटांचे औदार्य तर आहेच. परंतु मी तिच्यातून आणखी एक गोष्ट शिकले. धैर्य, कौशल्य, नकाशे, सर्व जवळ असूनही बोटभर लांबीचा एक प्लग नसला, तर विमान जमिनीवरच राहते.

आता कापडाची गोष्ट सांगते. मॉथच्या पंखावर लिननचे कापड चढवीत. मेण लावलेल्या दोऱ्याने ते लाकडी फासळ्यांशी शिवीत, प्रत्येक टाक्याला गाठ मारीत, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचे उसवू नयेत. मग त्यावर ‘डोप’ नावाच्या रोगणाचे हात देत. ते वाळले की कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होई. इंग्लंडच्या कारखान्यांत हे शिवणकाम बहुधा स्त्रियांकडे असे. वैमानिकांची नावे वर्तमानपत्रांत आली. ज्यांच्या टाक्यांवर ते तरंगले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१९३० साली अ‍ॅमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी जुने मॉथ घेऊन एकटी ऑस्ट्रेलियाला गेली. वाटेत ती कराची, झाशी, कलकत्ता येथे उतरली होती. पुढे रंगूनजवळ इन्सीनला विमान उतरविताना त्याचा पंख फाटला. तेथील तंत्रशाळेतील माणसांनी तो दुरुस्त केला, आणि कापड वापरले ते सदऱ्यांचे! पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे ते सदरे शिवलेले होते. ते उसवून पुन्हा पंखावर चढले. अ‍ॅमीचे वैशिष्ट्य असे, की निघण्यापूर्वी तिने वैमानिकाच्या परवान्याबरोबर विमान तपासण्याचा व दुरुस्तीचा परवानाही मिळविला होता.

आपल्या देशात १९३२ साली ऊर्मिला पारीख यांना परवाना मिळाला. परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. त्यानंतर १९३६ साली लाहोरच्या क्लबात सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या आणि एकट्या उडाल्या. वय २१ वर्षे, घरी चार वर्षांची मुलगी. पती टपाल विमानांचे वैमानिक होते, आणि सासरच्या माणसांनीच त्यांना पुढे घातले. १९३९ साली पती विमान अपघातात गेले. सरलाबाई व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेल्या, तोच युद्ध सुरू झाले आणि शिक्षण थांबले. मग त्या चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर दिल्लीस येऊन साड्यांचे छपाईकाम व दागिन्यांची कलाकृती यांवर त्यांनी आपला व्यवसाय उभा केला. त्यांचे उड्डाण सर्वांना ठाऊक असते. त्या पुढे कशा उभ्या राहिल्या, हेही आपल्या मुलींना सांगावे असे मला वाटते.

आता कापडी पंख मागे पडले. आजचे लहान विमान बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते. १९५०च्या दशकात निघालेले चार बैठकांचे सेस्ना १७२ हे विमान आजवर ४४ हजारांहून अधिक तयार झाले, आणि आपल्याकडील अनेक वैमानिक त्यावरच शिकले. परंतु सांभाळण्याचे काम कमी झालेले नाही. उडण्यापूर्वी दर वेळी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पेल्यात काढून उजेडात धरतात. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. खाली बिनरंगी थेंब दिसला तर ते पाणी समजावे. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेने पाणी साचते, हे कोकणात राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. तेलाची पातळी, टायर, पंखांचे बिजागर, सारे हाताने तपासावयाचे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग असतात, म्हणजे एक रुसला तर दुसरा वेळ निभावून नेतो. ठरावीक तास उडाले की तपासणी, वर्षाची तपासणी निराळी, आणि सुमारे २,००० तास झाले की संपूर्ण इंजिन उघडावयाचे. खाऱ्या वाऱ्याने धातू खाल्ला जातो, त्यामुळे समुद्राकाठी अधिकच काळजी. प्रत्येक कामाची नोंद लॉगबुकात होते आणि परवानाधारक इंजिनिअर खाली सही करतो. ती सही नसेल, तर मालक कितीही श्रीमंत असो, विमान हलत नाही. विमान विकत घेणे हा एका दिवसाचा समारंभ. ते उडते ठेवणे हा रोजचा स्वयंपाक आहे.

या रोजच्या चिकाटीचे एक उदाहरण मुंबईतच घडले. कांदिवलीच्या चारकोपमध्ये वैमानिक अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा बैठकांचे विमान बांधले. वर्षानुवर्षे काम चालले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटे करून खाली उतरविले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले. घरी बांधलेल्या विमानाची नोंद कोणत्या नियमाखाली करावी, हा प्रश्न बराच काळ सुटेना. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ अशी नोंद झाली, २०१९ मध्ये उडण्याची परवानगी मिळाली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले. गच्चीवर विमान बांधावयाचे म्हणजे घरातील सर्वांनी किती काळ काय काय सोसले असेल, याची कल्पना गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आपल्याला चांगली येईल.

धुळ्याचे नाव आले म्हणून आणखी सांगते. जुहूला गर्दी झाल्यावर बॉम्बे फ्लाइंग क्लबाने उडण्याचे शिक्षण धुळ्यास नेले. या क्लबात शिकलेली बोरिवलीची आरोही पंडित मे २०१९ मध्ये ‘माही’ नावाच्या एका इंजिनाच्या अगदी हलक्या विमानातून एकटी अटलांटिक महासागर ओलांडून गेली. अशा विमानातून तो ओलांडणारी ती जगातील पहिली स्त्री. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पहिले टपाल आणले होते. त्याच्या स्मरणार्थ १५ ऑक्टोबर २०२१ रोजी हीच आरोही भुजहून जुहूला लहान विमान घेऊन आली. ज्या क्लबाने पहिला परवानाधारक घडविला, त्याच क्लबाची मुलगी ८९ वर्षांनी त्याच वाटेने उतरली!

भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण शंभरात बारा ते पंधरा सांगितले जाते. जगात ते शंभरात पाच-सहाच आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु येथे मला आपणा सर्वांना एक प्रश्न विचारावयाचा आहे. उद्या आपल्या सेक्टरातील एखादी मुलगी वैमानिक झाली, तर आपण पेढे वाटू. पण तीच म्हणाली, ‘मला हँगरमध्ये विमाने दुरुस्त करावयाची आहेत, तेलकट कपड्यांत काम करावयाचे आहे,’ तर? तिच्या स्थळाची चिंता आपण प्रथम करू की नाही? मॉथचे पंख शिवणाऱ्या बायकांची नावे राहिली नाहीत, याला हीच मनोवृत्ती कारण आहे. उडणाऱ्याला मान, आणि सांभाळणाऱ्याला काम. घरात ही वाटणी आपल्या वाट्याला आली, तेव्हा आपणांस ती आवडली नव्हती.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या मुलीला विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमाला जाता येते. निव्वळ हौसेने उडावयाचे असेल, तर खाजगी वैमानिकाच्या परवान्यास वयाची १७ वर्षे, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. खर्च मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. म्हणून माझी सूचना लहान आहे. मंडळाने पुढील वर्षी दहावी-बारावीच्या मुलींसाठी एक संध्याकाळ ठेवावी, आणि वैमानिक भगिनीबरोबरच विमानाच्या लॉगबुकावर सही करणाऱ्या इंजिनिअर भगिनीलाही बोलवावे. दोघींना व्यासपीठावर सारख्याच खुर्च्या मांडाव्यात.