इंग्रजी अध्ययनातील मूल्यमापन आणि प्रत्याभरण

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चार कौशल्यांतील प्रगती जोखणे म्हणजे इंग्रजी अध्ययनातील मूल्यमापन होय. त्या आधारे काय जमले, कोठे अडले आणि पुढे काय करावे हे विद्यार्थ्याला समजेल अशा रीतीने सांगणे याला प्रत्याभरण म्हणतात. व्यवहारात यासाठी ‘अभिप्राय’ हा शब्दही रूढ आहे. गुण किंवा श्रेणी विद्यार्थ्याचे आजचे स्थान दाखवते, तर प्रत्याभरण त्याला पुढची पायरी दाखवते. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत अनेक मुलांच्या कानी इंग्रजी केवळ तासिकेपुरतीच पडते. त्यामुळे शिक्षकाचे प्रत्याभरण हाच त्यांच्यासाठी सुधारणेचा प्रमुख आधार ठरतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होत असे. शैक्षणिक वर्ष २०००-०१ पासून हा विषय पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बालकाचे इंग्रजी लेखी परीक्षेने तपासता येत नाही. त्यामुळे निरीक्षण व तोंडी कामावर आधारित मूल्यमापन आवश्यक ठरले.

मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक व संकलित मूल्यमापन असा भेद मांडला. अध्यापन चालू असताना सुधारणेसाठी होते ते आकारिक आणि ठरावीक टप्प्याच्या शेवटी निष्पत्ती ठरवण्यासाठी होते ते संकलित मूल्यमापन. त्याच वर्षी एस. पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्याच्या चुकांकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. विद्यार्थ्याने भाषेचा कोणता नियम मनाशी बांधला आहे, याचा पुरावा चुकीतून मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनवधानाने झालेली चूक विद्यार्थी स्वतः दुरुस्त करू शकतो. नियमच ठाऊक नसल्याने झालेल्या चुकीसाठी त्याला मदत लागते.

मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या चुका

मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या काही चुकांचे मूळ मातृभाषेच्या रचनेत आढळते. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. म्हणून ती वगळली जातात किंवा अनावश्यक ठिकाणी येतात. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडून प्रश्न करता येतो व शब्दक्रम बदलावा लागत नाही. त्यामुळे ‘व्हेअर यू आर गोइंग?’ अशी रचना होते. ‘विषयी चर्चा करणे’ या प्रयोगाच्या धर्तीवर ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिले जाते. उच्चारात ‘शिप’ व ‘शीप’ यांतील फरक तसेच इंग्रजीतील दोन वेगळ्या ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरला जाणे या अडचणी दिसतात.

प्रत्येक चुकीचे कारण मातृभाषा नसते. ‘गो’चे भूतकाळी रूप ‘गोड’ करणारा विद्यार्थी इंग्रजीचाच नियम अपवादाच्या जागी लावत असतो. येथे नियम समजल्याचे मान्य करून अपवाद दाखवणे उपयुक्त ठरते.

प्रत्याभरणाचे प्रकार

रॉय लिस्टर व लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून तोंडी दुरुस्तीचे सहा प्रकार नोंदवले:

• थेट दुरुस्ती
• विद्यार्थ्याचे वाक्य शुद्ध करून सहज उच्चारणे
• ‘काय म्हणालास?’ असे स्पष्टीकरण मागणे
• नियमाचा संकेत देणे
• अपुरे वाक्य विद्यार्थ्याकडून पूर्ण करून घेणे
• चुकीचाच भाग प्रश्नार्थक सुरात पुन्हा उच्चारणे

विद्यार्थी ‘येस्टर्डे आय गो टु मार्केट’ असे म्हणाला आणि शिक्षकाने ‘ओह, यू वेंट टु द मार्केट’ असे म्हटले, तर तो दुसरा प्रकार होय. शिक्षक तो सर्वाधिक वापरत असल्याचे आढळले. मात्र त्यातून विद्यार्थ्याच्या लक्षात दुरुस्ती येण्याचे प्रमाण कमी होते. याउलट ‘येस्टर्डे आय...?’ एवढेच म्हणून थांबल्यास योग्य रूप विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागते.

लेखी प्रत्याभरणाबाबत मतभेद आहेत. व्याकरणदुरुस्ती निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक असते, असे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. रूथ बटलर यांच्या १९८८ मधील प्रयोगाचा विषय इंग्रजी नव्हता, तरी त्याचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो. केवळ अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही.

महाराष्ट्रातील मूल्यमापन पद्धती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला अनुसरून राज्य शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाद्वारे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती स्वीकारली. तीत आकारिक व संकलित मूल्यमापनाचा भारांश पुढीलप्रमाणे ठरवण्यात आला:

• पहिली व दुसरी : आकारिक ७०, संकलित ३० टक्के
• तिसरी व चौथी : आकारिक ६०, संकलित ४० टक्के
• पाचवी व सहावी : प्रत्येकी ५० टक्के
• सातवी व आठवी : आकारिक ४०, संकलित ६० टक्के

आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधने सुचवली आहेत. श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंदी करणेही अपेक्षित आहे. ‘इंग्रजीत प्रगती आवश्यक’ ही नोंद प्रत्याभरण म्हणून अपुरी पडते. ‘परिचित शब्द वाचतो, जोडाक्षरी शब्दांत अडखळतो, चित्र पाहून दोन वाक्ये बोलतो’ या नोंदीवरून पुढचे काम ठरवता येते.

शैक्षणिक वर्ष २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांत प्रथम भाषा व गणितासह इंग्रजीचाही समावेश झाला. त्याच वर्षापासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू झाली. तीत आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आहे. त्यामुळे वर्षभरातील प्रत्याभरणाचे महत्त्व वाढले आहे.

दहावीची परीक्षा आणि अंतर्गत गुण

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांसाठी ८० गुण लेखी व २० गुण शाळांतर्गत तोंडी परीक्षेसाठी होते. शाळा हे गुण सढळपणे देतात, असा आक्षेप घेतला जात असे. शैक्षणिक वर्ष २०१८-१९ मध्ये अंतर्गत गुण बंद करून भाषांची लेखी परीक्षा १०० गुणांची करण्यात आली. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी लागू झाला होता. तरी या घसरणीच्या चर्चेत अंतर्गत गुणांचा प्रश्न अग्रभागी राहिला. २०१९-२० पासून ते पुन्हा सुरू झाले.

या वादाला दोन बाजू आहेत. तोंडी परीक्षा नसल्यास बोलण्या-ऐकण्याची कौशल्ये परीक्षेबाहेर राहतात. आणि ती नाममात्र घेतल्यास गुण मिळूनही विद्यार्थ्याला आपल्या बोलण्याविषयी काहीच कळत नाही.

शिक्षक प्रशिक्षण

इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे राज्य आंग्लभाषा शिक्षण संस्था कार्यरत होती. पुढे तिचे रूपांतर प्रादेशिक विद्या प्राधिकरणात झाले. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने २०१६ मध्ये नऊ जिल्ह्यांत ‘तेजस’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्राथमिक शिक्षकांचे अभ्यासगट नियमित एकत्र येऊन अध्यापनाविषयी चर्चा करीत.

मर्यादा

मोठा पट, बहुवर्ग अध्यापन आणि नोंदींचा व्याप यांमुळे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रत्याभरण देणे कठीण जाते. म्हणून एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर लक्ष देणे, समान चुकांची नाव न घेता फळ्यावर चर्चा करणे, सहाध्यायी मूल्यमापन आणि स्वयंमूल्यमापन हे उपाय सुचवले जातात. लाल शाईने भरलेली वही किंवा वर्गासमोर झालेली दुरुस्ती यांमुळे काही विद्यार्थी इंग्रजी बोलणेच टाळतात. आरंभीच्या इयत्तांत प्रत्याभरण मराठीतून दिल्यास ते अधिक नेमके पोहोचते. दुरुस्त केलेले वाक्य विद्यार्थ्याने पुन्हा लिहिले किंवा बोलले, तरच प्रत्याभरणाची प्रक्रिया पूर्ण होते.