पिंपल्सची ट्यूब द्या

महाळुंगे म्हटलं की पुण्याची माणसं बालेवाडीकडं वळतात. माझं औषधाचं दुकान तिथलं नव्हे. ते खेड तालुक्यातल्या महाळुंगे इंगळ्यात, चाकण एमआयडीसीला लागून. शिफ्ट सुटली की हेल्मेट काखेत मारून पोरं येतात. "पिंपल्सची ट्यूब द्या, भाऊ." कुठली? तर रूमवरच्या दोस्तानं लावली तीच.

माझ्या आईच्या पिढीत तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी कुणी दुकानाची पायरी चढत नव्हतं. लग्न झालं की जातील, हा सल्ला. फारच झालं तर सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचं आणि रात्री लावायचं. कुणाची आग व्हायची, कुणाचं जरा बसायचं. वैद्यांकडं याहून जुनी तजवीज होती. सुश्रुतसंहितेत या पुटकुळ्यांचं नाव मुखदूषिका; ती क्षुद्ररोगांत मोडते. सावरीच्या काट्यांसारखे फोड असं तिचं वर्णन आहे. त्यावर वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा लेप सांगितलाय, आणि त्याआधी वमन. तोंडावरच्या फोडासाठी ओकाऱ्या काढायला आज कोण तयार होईल!

मग 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि वर्षभरात पेनिसिलिन निघू लागलं. मुरुमांना मात्र त्याचा फारसा उपयोग नव्हता. त्यांच्या कामी आलं ते टेट्रासायक्लिन, कारण ते त्वचेतल्या तेलकट ग्रंथींपर्यंत पोचतं.

गावाचा चेहरा बदलला तो 1999 मध्ये, बजाजचा कारखाना महाळुंग्यात आला तेव्हा. त्यामागून सुटे भाग करणारी वर्कशॉपं आली आणि मराठवाडा, विदर्भ, बिहारची पोरं आली. त्यांच्याबरोबर माझ्या काउंटरवर एक वेगळाच मुरुम आला. तोंडावर कमी, कोपरापासून मनगटापर्यंत आणि मांड्यांवर जास्त. काळी टोकं, मध्येच पिकलेला फोड. मशीनवरचं कटिंग ऑइल बाहीत आणि पँटमध्ये मुरतं, ओलं कापड दिवसभर घासतं, रोमछिद्रं बुजतात. वरून पोरं हात धुतात थिनरनं! कारखान्यानं माणसाच्या कातडीवर मुरुम उठवणं हे काही चाकणचं नवल नाही. जर्मनीत हर्क्सहाइमर या डॉक्टरनं क्लोरीनच्या कारखान्यातल्या कामगारांचा असला आजार 1899 मध्येच नोंदवला होता. आपल्याकडं 1948 च्या कारखाने कायद्यात कळवायच्या रोगांची यादी होती, तीत रसायनं आणि रंगांमुळं होणारा त्वचेचा दाहही होता. पण हातावरच्या फोडांची तक्रार सुपरवायझरकडं न्यायला कंत्राटी पोरगं धजत नाही. ते माझ्याकडं येतं.

आता ट्यूबची गोष्ट. तिच्यामागं अल्बर्ट क्लिगमन नावाचा फिलाडेल्फियाचा त्वचातज्ज्ञ आहे. मुरुमांवर ट्रेटिनॉइन चालतं हे त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये मांडलं; 1971 मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. हेल्मेटच्या पट्ट्यानं हनुवटीवर उठणाऱ्या फोडांचा अभ्यासही त्याच्याच नावावर आहे. औषध सोन्यासारखं, पण त्याच्या कित्येक चाचण्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर झाल्या, हे विसरता येत नाही.

याच क्लिगमननं 1975 मध्ये काळ्या डागांसाठी एक मिश्रण सांगितलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली लावायचं. आपल्या बाजारात त्याचे भाऊबंद गोरेपणाची आणि पिंपल्सची क्रीम म्हणून खपले. स्टिरॉइडनं चार दिवसांत लाली उतरते, म्हणून पोरगं खूश. महिने गेले की कातडी पातळ होते, नसा दिसू लागतात, मुलींच्या गालावर लव वाढते. लावणं थांबवलं तर फोड दुपटीनं उसळतात. मग परत तीच ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं आरडाओरडा केला, तेव्हा कुठं मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. कागदावर आली, असं म्हणू. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून राग येईल, येऊ दे. जायफळानं कुणाचं फार भलं केलं नसेल, पण इतकी तोंडं त्यानं खचितच बिघडवली नाहीत.

खरी औषधं साधी आहेत आणि हळू चालतात. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचंही पुरतं. फक्त त्यानं उशीचा अभ्रा आणि युनिफॉर्मची कॉलर पांढरी पडते, तेवढं सांभाळायचं. ॲडापालीन रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, फोडावर टिकली दिल्यासारखं नव्हे तर भाग भरून. पहिले काही आठवडे कातडी सोलवटते, तिथंच निम्मी पोरं सोडून देतात. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. बाई गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर ॲडापालीन, ट्रेटिनॉइन या जातीचं औषध नकोच. आणि तेलाच्या फोडांवर आधी उपाय कपड्यांचा: तेलकट पँट रोज बदला, थिनर सोडा, साबण वापरा.

पिंपरीला वायसीएम रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. एक सुट्टी त्यासाठी काढा, चिठ्ठी घेऊन या, मग ट्यूब मागा. दोस्ताचं नाव सांगून मागू नका.