नमस्कार मंडळी!

ब्लॉगची सुरुवात अशी करायची आपल्याकडे पद्धतच आहे. पण आज हा शब्द मुद्दाम वापरलाय. मराठी बायबलमध्ये 'चर्च'ला प्रतिशब्द आहे 'मंडळी'. इमारत म्हणजे देऊळ किंवा चर्च, आणि आत बसलेली माणसं म्हणजे मंडळी. लग्नाला जमतात ती मंडळी, जेवायला बसतात ती मंडळी, आणि जुन्या काळी नवरे बायकोचा उल्लेख करायचे तीही मंडळीच! इतका घरगुती शब्द ज्याने कोणी निवडला, त्याला माझा सलाम.

तर मी ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यातला (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय). आडनाव अस्सल मराठी असल्यामुळे ऑफिसात पहिले सहा महिने कुणाला पत्ता लागत नाही. मग डिसेंबर उजाडतो, मी नाताळची रजा टाकतो आणि प्रश्न सुरू होतात. "अरे, पण तू तर मराठी आहेस ना?" "म्हणजे तू कन्व्हर्ट कधी झालास?" मी नाही झालो बाबा. माझे खापरपणजोबा झाले, तेव्हा तुझ्या कंपनीचाच काय, विजेच्या दिव्याचाही आमच्या गावात पत्ता नव्हता.

हे असं तोऱ्यात उत्तर देणं सोपं असतं. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यावर चारेक वर्षं मीही जरा अंतर ठेवूनच होतो. पुण्यात एका इंग्रजी चर्चमध्ये जायचो. गिटार, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द, नंतर कॉफी. लोक चांगले होते, तक्रार काहीच नाही. पण रविवार दुपारी घरी आलो की एखादी मस्त मीटिंग करून आल्यासारखं वाटायचं, बस्स.

मग आजी गेली. गावी पोचलो तेव्हा ओटीवर सतरंजी पसरलेली, बाजाची पेटी, टाळ, एक ढोलकी. रात्रभर गाणी चालली. मी कोपऱ्यात बसलो होतो आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. एकही गाणं मी शिकलो नव्हतो आणि सगळी येत होती! आजी भाकरी थापताना म्हणायची तीच. दहाव्यानंतर पुण्याला परत येताना तिचं फाटकं 'उपासना संगीत' बॅगेत टाकलं आणि एसटीत प्रत्येक गाण्याखालचं कवीचं नाव बघत बसलो. टिळक, टिळक, पुन्हा टिळक.

म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना त्याचं नावही कधी कळलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते पुढच्या कामात. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली, नगरला १८३१ साली. सुरुवातीची बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी, चाल बोस्टनची. खेड्यातल्या माणसाने ती कशी म्हणायची? आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, मग टिळकांनी अभंग आणि भजन थेट उपासनेत आणलं. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते उघड सांगत. मिशनऱ्यांना हे किती रुचलं असेल देव जाणे! १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, १९१९ ला, ते गेले. लेगसी कोडला हात न लावता वरचा इंटरफेस बदलणारे पुष्कळ भेटतात, हा माणूस मुळात शिरला होता.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. मग एक प्रश्न बोचायला लागला. टिळक ब्राह्मण होते म्हणून त्यांची गोष्ट सगळ्यांना माहिती. आमचं काय?

आम्ही महार. नगरच्या बहुतेक ख्रिस्ती घरांची मुळं महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात आहेत, आणि १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांच्या आसपास पुष्कळ घरं मंडळीत आली. "भाकरीसाठी बाटलेले" हा टोमणा तेव्हापासूनचा. कॉलेजात मलाही एकाने हसत हसत ऐकवला होता. मी गप्प बसलो, कारण आतून मलाही वाटायचं, खरंच असेल तर?

आता मला असं वाटतं. भाकरीसाठी आले असतील काही. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याकडे जाऊ नये तर कुठे जावं? पण दुष्काळ दोन वर्षांत संपला. माणसं राहिली. मिशनच्या शाळेत आमचे खापरपणजोबा अक्षरं शिकले, पणजोबा पुढे शेजारच्या गावात मास्तर झाले. गावच्या विहिरीवर ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हातात पुस्तक आलं. भाकर पचून गेली, हे राहिलं.

आणि मंडळीत जात विरघळली, असंही मी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा (वाचलं नसेल तर हा ब्लॉग बंद करून आधी ते वाचा!). नवऱ्याकडे परत आल्यावरही त्या बराच काळ आपलं सोवळं सांभाळून होत्या. जात देवाने केली की माणसाने, हे त्यांनी स्वतःशी भांडून ठरवलं, आधी जात सोडली आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी जे एकदा केलं, ते आमच्यातल्या लग्नाच्या बैठकीत काही लोकांना सव्वाशे वर्षांनीही जमत नाही. सरकारी कागदाचं त्रांगडं वेगळंच: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर. त्यामुळे आमच्या नात्यात एकाच पणजोबांची पतवंडं कागदावर दोन धर्मांची आहेत. नाताळला मात्र सगळी एकाच पंगतीत असतात.

असो. सध्या मी पुण्यातल्या एका मराठी मंडळीत जातो. उपासना वेळेवर सुरू होत नाही, माइक दर रविवारी शिट्टी मारतो, आणि मी 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे अर्पणाचा हिशेब माझ्या गळ्यात पडलाय. पहिल्या दिवशी एक आजोबा थेट जवळ आले, चष्म्यावरून निरखून म्हणाले, "कुणाचा रे तू?"

ऑफिसात हा प्रश्न मी टाळला असता. तिथे मी पणजोबांचं नाव आणि गाव सांगितलं.

"मास्तरांचा?" म्हणाले, आणि बाकावर सरकून मला जागा दिली.