वसईचा नाताळ : मराठी मातीत रुजलेला ख्रिस्तजन्मोत्सव

डिसेंबर उजाडला की महानगरांतील बाजारपेठांना नाताळचे वेध लागतात. कृत्रिम सूचिपर्णी झाडे, कापसाचे बर्फ आणि लाल टोप्या यांनी दुकाने सजतात. या झगमगाटामुळे नाताळ हा पाश्चात्त्यांचा सण असल्याचा समज शहरी मनात सहज घट्ट होतो. मुंबईपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या वसईच्या ख्रिस्ती गावांत मात्र या समजाला छेद मिळतो. येथे नाताळ साजरा होतो तो भाताच्या पेंढ्यात, नारळाच्या चवात आणि मराठी प्रार्थनेत.

पाच शतकांची परंपरा

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि या पट्ट्यात ख्रिस्ती धर्म रुजला. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य पत्करलेले आणि १८६२ मध्ये संतपद लाभलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे सुपुत्र. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला व पोर्तुगीज सत्ता संपली. राज्यकर्ते गेले, तरी श्रद्धा टिकली. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांनी नवा धर्म स्वीकारताना आपली शेती, मासेमारी, बोली आणि नात्यागोत्याची वीण सोडली नव्हती. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच. जन्माशी संबंधित मूळ लॅटिन शब्दावरून तो आला आणि ‘पाव’, ‘पगार’ यांच्याप्रमाणे मराठीत मिसळून गेला.

प्रतीक्षेचे चार रविवार

कॅथलिक परंपरेत नाताळची सुरुवात २५ डिसेंबरला होत नाही. त्याआधीच्या चार रविवारांपासून ‘आगमनकाळ’ सुरू होतो. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती अधिक उजळली जाते. त्यांपैकी तीन जांभळ्या, तर तिसऱ्या रविवारची गुलाबी असते. जांभळा रंग आत्मपरीक्षणाचा, गुलाबी आनंदाच्या चाहुलीचा. हा काळ संयमाचा असल्याने या दिवसांत सहसा लग्ने होत नाहीत. नाताळ उलटताच लग्नसराई सुरू होते.

याच काळात घरोघरी गोठा उभारला जातो. इटलीतील ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ख्रिस्तजन्माचा देखावा साकारला, तेव्हापासून ही प्रथा जगभर पसरली. वसईत भाताची झोडणी आटोपलेली असते, त्यामुळे गव्हाणीसाठी घरचाच पेंढा हाताशी असे. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ठेवली जात नाही. दारावर चांदणीच्या आकाराचा कंदील लागतो. धर्मग्रामातील युवक नाताळगीते गात घरोघरी जातात.

फराळाची देवघेव

नाताळचा फराळ हे सामूहिक काम असते. कुलकुलांसाठी कणकेच्या गोळ्या काट्याच्या चमच्यावर किंवा कंगव्यावर वळताना आजीपासून नातवंडांपर्यंत सारे एका परातीभोवती बसतात. खोबऱ्याचे सारण भरलेली नेवरी म्हणजे करंजीचीच सख्खी बहीण. युरोपात बदामाचे असणारे माझिपान कोकण किनाऱ्यावर काजूचे झाले. जेवणातील विंदालू आणि सोरपोतेल हे पदार्थ पोर्तुगीज वारशातून आले. व्हिनेगरमुळे ते टिकतात आणि मुरल्यावर त्यांची चव वाढते.

फराळाचे पहिले ताट बहुधा शेजारी जाते. दिवाळीत आलेल्या ताटाची ती परतफेड असते. हिंदू शेजाऱ्याच्या घरी नेवरी आणि ख्रिस्ती घरी चकली ही देवघेव गावाला एकत्र बांधून ठेवते.

प्रार्थनेची भाषा

नाताळच्या आदल्या रात्रीची मिस्सा हा सणाचा गाभा. गर्दीमुळे अनेक ठिकाणी ती चर्चच्या पटांगणात होते. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरील निर्बंधांमुळे मुंबई परिसरातील अनेक चर्चमध्ये ती मध्यरात्रीपूर्वीच आटोपली जाते. वसईत ही मिस्सा मराठीत होते. परंतु हा हक्क अलीकडचा आहे. पूर्वी उपासना लॅटिनमध्येच चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली, तेव्हा वेदीवर मराठी आली.

वेदीबाहेर तिचा प्रवास त्याहून जुना. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्रोटेस्टंट परंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) भजन व कीर्तन ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाढत्या शहराचे आव्हान

२०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर पोहोचली होती. केळीच्या बागा आणि भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हरित वसई वाचविण्यासाठी फादर दिब्रिटो यांच्यासारख्यांनी आंदोलनही उभारले. शेती गेली तेथे गोठ्यासाठी पेंढा विकत आणावा लागतो. वाडा मोडून कुटुंब चार सदनिकांत विभागले की कुलकुलांची परातही लहान होते. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले मराठी प्रार्थना म्हणतात. पण घरातली सामवेदी अर्थात कादोडी बोली त्यांच्या ओठांवर किती काळ राहील, ही ज्येष्ठांची चिंता आहे.

म्हणूनच येथील नाताळ केवळ एका दिवसाचा आनंद नाही. परदेशी गेलेली मुले या आठवड्यात परततात, आजी बोलीभाषेत त्यांना हाक मारते, लाल लुगड्यातील स्त्रिया मिस्सेला निघतात. ख्रिस्ताला सराईत जागा मिळाली नाही, म्हणून त्याचा जन्म गोठ्यात झाला, असे शुभवर्तमान सांगते. वाढत्या शहरात आपल्या बोलीला, शेजाराला आणि मातीला जागा उरावी, यासाठी वसईकर दरवर्षी तो गोठा नव्याने बांधत असतात.